दार वरून घासत होतं : एका बंद कौलारू घराचं प्रकरण

आमचं घर राजापूर तालुक्यात आहे. १९५८ साली आजोबांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर, त्यावर लाकडी माळा, आणि मागे १९८४ साली काकांनी जोडून घेतलेलं स्वयंपाकघर. मे २०२३ मध्ये माजघराची तुळई, म्हणजे माळा पेलणारं आडवं लाकूड, भिंतीकडच्या टोकाला अडीच फूट पोकळ झालेली सापडली. तिच्यावर अख्खा माळा होता आणि तिच्याखाली आम्ही आधीचे दोन गणपती पंगती मांडून जेवलो होतो. दुरुस्तीला १,९०,७६० रुपये लागले. हे ज्या कामाअभावी झालं ते काम पाच मिनिटांचं होतं आणि त्याला कधी एक पैसाही लागलेला नव्हता.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांची अशी बंद घरं कोकणात वाडीवाडीत आहेत. म्हणून आमचं काय चुकलं, कुठल्या वर्षी चुकलं आणि शेवटी ते कसं कळलं, हे जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे.

घर चालतं होतं तेव्हा

काका-काकू बारमाही गावी राहत. काकांची एक वही होती. मे महिन्यात घरावर जे काम निघे त्याचा हिशेब त्यात असायचा: गडी दोन, दिवस तीन, कौलं चाळीस, कोने सहा, रिपा इतक्या फूट, एकूण इतके रुपये. जुन्या नळ्याच्या कौलांना दरवर्षी शाकारणी लागे, मंगलोरी कौलांना ती लागत नाही. दर तीन-चार वर्षांनी सगळी कौलं परतायची, म्हणजे उतरवून, शेवाळ घासून, कौलांखालच्या कुजलेल्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, बदलून पुन्हा चढवायची. मधल्या वर्षांत फक्त फुटलेली, सरकलेली कौलं बदलायची. हे सगळं मृग लागायच्या आत. डिसेंबर २०१७ मध्ये काका गेले. पुढच्या मे महिन्यात दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तीच वही हातात धरून सगळी कौलं परतून घेतली. ६,२०० रुपये खर्च आला. दिवाळीनंतर काकू डोंबिवलीला मुलाकडे राहायला आल्या आणि घराला कुलूप लागलं.

आम्हाला वाटलं, वही आहे म्हणजे घराचं सगळं आपल्याकडे आहे.

वहीत जे नव्हतं ते आता सांगतो. स्वयंपाकघराचं छप्पर मूळ घराच्या मागच्या पाख्याला, म्हणजे मागच्या उताराला, जिथे मिळतं तिथे दोन उतारांचं पाणी एकत्र येतं. त्या सांध्यात सोळा फुटांची पत्र्याची पन्हळ आहे. तिच्या डोक्यावर फणस. पावसाळ्यात फणसाची पानं पडत राहतात आणि ओली झाली की एकमेकांना चिकटून त्यांचा थर बसतो. काकू मागच्या परसात उभ्या राहून, लांब काठीच्या टोकाला खराटा बांधून, तो पाला ओढून काढायच्या. पाऊस उघडला की चहा ठेवायच्या आधी. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. त्याला गडी नव्हता, मजुरी नव्हती, सामान नव्हतं. वहीत खर्च लिहिला जायचा, आणि या कामाला खर्चच नव्हता. काकांनी ते लिहिलं नाही, काकूंना ते सांगण्यासारखं काम वाटलं नाही, आणि आम्ही सुट्टीला जाणाऱ्यांनी ते काम म्हणून कधी पाहिलंच नाही.

चुलीचंही असंच. काकू शेवटपर्यंत सकाळचं पाणी आणि भात चुलीवर करायच्या. तो धूर माळ्यावरून, वाशांमधून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. धुराने लाकूड काळं पडतं, पण कोरडं राहतं आणि कीड त्यात सहसा शिरत नाही. घर वापरात होतं तेव्हा त्याची अर्धी निगा वापरातच होऊन जात होती. वापर थांबल्यावर ती वेगळी लावायला हवी होती.

चार पावसाळे

२०१९ च्या मे महिन्यात घरात लग्न होतं, त्यामुळे कोणी वर चढलं नाही. पाला काढायला कोणी नव्हतंच. वरच्या घरातले अण्णा, आमचे भाऊबंद, किल्ली सांभाळत आणि दिवा लावायला जात, पण मागच्या परसात जायचं त्यांना काही कारण नव्हतं.

२०२० मध्ये शिमग्याला जाऊन आलो आणि पंधरा दिवसांत टाळेबंदी लागली. मे गेला, गणपतीही मुंबईतच झाले. २०२१ मध्ये एप्रिलपासून पुन्हा निर्बंध, आणि १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं. अण्णांनी फोनवर सांगितलं, पुढची सात-आठ कौलं उडाली आहेत, मी बसवून घेतो. त्यांनी बसवलीही. मागच्या बाजूला वानरांनीही काही फोडली होती, ती दिसली नाहीत, कारण मागचं पाखं फक्त परसातून दिसतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये गणपतीला गेलो तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. माजघराच्या मागच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, ताटाएवढा ओलसर डाग. आणि माजघराचं दार लागेना. वरच्या कडेला अडत होतं. पावसाळ्यात लाकूड फुगतंच, असं सगळेच म्हणाले, मीही म्हणालो. सुताराला बोलावून वरून रंधा मारून घेतला.

मे २०२२ मध्ये गेलो तर डाग वाळला होता, पण खुणेची पिवळी कड राहिली होती. जमिनीतून ओल चढते आहे असा आम्हीच निष्कर्ष काढला आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. १४,००० रुपये. ही या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक. आमच्या भिंती मातीत बांधलेल्या आहेत आणि बाहेरून चुन्याने दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरलेल्या. अशी भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते सोडूनही देते. सिमेंटने आतल्या अंगाचा श्वास बंद झाला. वरून येणारं पाणी थांबलं नव्हतंच, आता त्याला वाळायलाही वाट राहिली नाही. ३१ ऑगस्टला गणपती बसले तेव्हा नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेने, छातीच्या उंचीला, आडवी ओल पसरलेली दिसली.

त्याच सुट्टीत दार पुन्हा अडलं. पुन्हा वरून तासलं.

अण्णांनी काय पाहिलं

मे २०२३. घरात कोरडं ठणठणीत, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. आणि दार तिसऱ्यांदा अडलं. दादा सुताराला फोन लावत होता तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी दार दोनदा उघडझाप करून पाहिलं, फळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, दार नको तासूस. फळ्या उभ्या आहेत. लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला नाही. फुगलं असतं तर बाजूला अडलं असतं. हे वर अडतंय, आणि तेही मे महिन्यात. म्हणजे वरचं खाली आलंय."

मी आयुष्यात लाकडाची दारं वापरली आहेत, पण हे साधं ज्ञान मला नव्हतं. झाडाच्या उंचीच्या दिशेने लाकूड जवळपास फुगतच नाही. फुगतं ते आडवं. उभ्या फळ्यांचं दार पावसाळ्यात बाजूच्या चौकटीला घासलं तर समजण्यासारखं आहे. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला, गणेशपट्टीला, घासायला लागलं तर दार निर्दोष असतं आणि चौकट दबलेली असते.

अण्णांनी चौकटीला दोरी लावून दाखवली. गणेशपट्टी मधोमध जवळजवळ पाऊण इंच खाली वाकली होती. तिच्या वर लाकडी फळ्यांची भिंत, आणि त्या फळ्यांच्या डोक्यावर तुळई. आमच्याकडच्या या दारापासून तुळईचं भिंतीतलं टोक जेमतेम तीन फुटांवर आहे. हातोडीच्या दांड्याने तुळईवर ठोकत गेलो. मधे खणखणीत. भिंतीजवळ येताच बद्द आवाज. अण्णांनी एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेरचा पापुद्रा, त्यावरचा काकांनी लावलेला तेलाचा रंगसुद्धा शाबूत होता. आत फक्त मातीचे पापुद्रे आणि वाळवी.

त्या क्षणी मला वर माळ्यावरच्या सामानाची आठवण झाली. तांब्याची भांडी, जुनी कणगी, आजोबांची पेटी, गोणपाटात बांधलेली पुस्तकं. ते सगळं त्या पापुद्र्यावर होतं. आणि खाली गेल्या गणपतीत मुलं झोपली होती.

सुतार संध्याकाळी आला. त्याने पहिलं काम केलं ते तुळईखाली दोन टेकू लावण्याचं. मग म्हणाला, आता निवांत शोधा.

पाण्याचा माग

पोकळ लाकूड पाहिलं की वाळवीचा फवारा मारणाऱ्याला बोलवावं असं वाटतं, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. पण जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओलावा लागतो. कोरड्या, हवा खेळत्या लाकडात तिला टिकाव धरता येत नाही. तेव्हा आधी प्रश्न होता पाण्याचा. ते कुठून येत होतं?

तुळईच्या डोक्यावर सरळ वर कौलं चांगली होती. खाली कधी थेंब पडलेला कोणी पाहिला नव्हता. माळा रिकामा करायला घेतला तेव्हा थेंब का दिसला नाही ते कळलं. भिंतीकडच्या कोपऱ्यातली गोणपाटं बुरशीने काळी झाली होती. चार पावसाळे पडलेलं पाणी ती पीत होती.

मे महिन्यात पाऊस नाही, म्हणून पाऊस आम्ही पाडला. विहिरीवरच्या पंपाला पाइप जोडून छपरावर पाणी सोडलं, पण एकदम नाही. खालून वर जायचं. आधी वळचणीजवळ पंधरा-वीस मिनिटं, आत एक माणूस बॅटरी घेऊन. काही नाही आलं की थोडं वर. सुरुवातच आढ्यापासून केली तर पाणी सगळ्या पाख्यावरून वाहतं आणि आत कुठेही दिसलं तरी कुठून शिरलं ते सांगता येत नाही. तीन टप्पे कोरडे गेले. चौथ्या टप्प्यात पाइप पन्हळीत सोडला. अकराव्या मिनिटाला माळ्यावरून दादाची हाक आली.

पन्हळीत चार वर्षांच्या फणसाच्या पानांची खत-माती झाली होती. हाताची वीतभर. त्यात पिंपळाचं एक रोप आलं होतं. पाणी पुढे जाऊ न शकल्याने मागे साठायचं, पत्र्याची कड ओलांडून कौलांखाली शिरायचं, आणि ओल्या मातीखाली पत्राही दोन जागी गंजून फुटला होता. शिरलेलं पाणी लगेच खाली टपकत नाही. ते वाशाच्या खालच्या अंगाला चिकटून उतारावरून सरकत जातं. आमच्या बाबतीत ते जवळपास बारा फूट सरकून भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडापर्यंत येत होतं, तिथून भिंतीतल्या मातीत, आणि तुळईच्या भिंतीत गाडलेल्या टोकात. डाग कमरेला, पाणी डोक्याच्याही वर, आणि भोक त्याहून बारा फूट पलीकडे.

किती पाणी? त्या पन्हळीवर साधारण तीनशे चौरस फूट छपराचं पाणी येतं. आमच्या भागात एका पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. गुणाकार केला तर पावसाळ्याला सुमारे ८४,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे आठ टँकर. त्यातला विसावा हिस्सा भिंतीत गेला असं धरलं तरी ते चार हजार लिटर होतं, आणि तेही मातीत बांधलेल्या भिंतीच्या एकाच कोपऱ्यात.

संध्याकाळी काकूंना फोन केला. काय झालं ते सांगायला सुरुवात केली आणि पन्हळ हा शब्द आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "पाला काढत नव्हता का कोणी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. मग म्हणाल्या, "काठी न्हाणीघराच्या मागे आडवी ठेवलेली आहे बघ." ती तिथेच होती. खराटा झडून गेला होता, सुतळीची गाठ शाबूत होती.

काय करायचं ठरलं

दोन मार्ग समोर होते. जवळच्या एका कंत्राटदाराने सुचवलं की लाकडी छप्पर पूर्ण काढा, लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, उभ्या करा, वर रंगीत पत्रा टाका. ४,८०,००० रुपये. पत्र्याला कौलांसारखं परतावं लागत नाही, वानरांनी तो फुटत नाही, आणि वर्षातले अकरा महिने बंद असणाऱ्या घराला तो व्यवहार्य आहे. आमच्या वाडीत तीन घरांनी तो केला आहे आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही. आमच्याकडे हिशेब वेगळा पडला. बेचाळीस वाशांपैकी प्रत्येक वासा टोकाला, मधे आणि आढ्याजवळ ठोकून पाहिला, तर नऊच खराब निघाले. तेहतीस वासे ऐनाचे आणि किंजळीचे, पासष्ट वर्षांचे, अजून खिळा सहज आत घेत नव्हते. ते काढून टाकणं जिवावर आलं. शिवाय पत्र्यालाही सांधे असतात आणि पन्हळ असते, आणि फणस कुठे जाणार नव्हता.

कौलांखाली पत्रा घालायचा मधला मार्गही हल्ली पुष्कळ जण घेतात. त्याबद्दल माझं मत सावध आहे. कौल फुटलं तरी घरात पाणी येत नाही हे खरं, पण म्हणूनच कौल फुटलेलं कळतही नाही, आणि वरच्या रिपा पत्र्यावर ओल्या बसून राहतात. बंद घरात गळती दिसणं हीच एक सोय असते.

म्हणून लाकडाचं लाकडाने दुरुस्त करायचं ठरलं. तुळई, नऊ वासे आणि भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड मिळून सव्वासोळा घनफूट लाकूड लागलं. सागाचा भाव परवडण्यासारखा नव्हता आणि गरजही नव्हती. जुनं लाकूड ऐनाचं होतं, नवंही ऐनाचंच घेतलं, चांगलं मुरलेलं: २४,५०० रुपये. रिपा ९,८००. नवी कौलं ३८०, त्यांचे १२,१६० आणि वाहतुकीचे ४,५००. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं बसतात, त्यामुळे ही संख्या छपराच्या मानाने थोडी होती. बाकीची घासून पुन्हा वापरली. पन्हळ नवी, आधीपेक्षा रुंद आणि जाड पत्र्याची, ८,६००. ओल पिऊन फुगलेली भिंत सहा फूट रुंद आणि आठ फूट उंच उतरवून चुन्यात पुन्हा बांधली, तिचे १३,९००. टेकूंचं भाडं ३,०००. दोन सुतार आणि दोन गडी बावीस दिवस, ७४,८००. वाळवीचा बंदोबस्त १८,५००. आमचं दोन वेळा जाणं-येणं आणि खाणं २१,०००. याच्यात सिमेंटच्या गिलाव्याचे १४,००० धरलेले नाहीत, ते पाण्यात गेले.

कामातल्या तीन गोष्टी

नवी तुळई चढवण्याआधी माळ्याचा भार उचलावा लागला. सुताराने टेकूंऐवजी दोन स्क्रू जॅक लावले आणि सकाळी एक सूत (इंचाचा आठवा भाग), संध्याकाळी एक सूत असं चार दिवस उचलत गेला. एका दिवसात इंचभर उचललं असतं तर वरच्या फळ्या आणि भिंतीची दर्जा फुटली असती. मला घाई होती, रजा संपत आली होती. त्याने ऐकलं नाही, आणि ते बरोबर होतं.

जुन्या तुळईचं टोक भिंतीत मातीने घट्ट लिंपलेलं होतं. नव्या तुळईच्या टोकाभोवती त्याने दोन बोटं मोकळी जागा ठेवली आणि बाहेरच्या बाजूने वारा जाईल असं एक भोक सोडून त्याला जाळी लावली. टोकाला काजूच्या टरफलाचं तेल दोन हात दिलं. कोकणात होड्यांना आणि घराच्या लाकडाला हे तेल पूर्वापार लावतात. कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच लावायचं.

वाळवीच्या औषधाबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पद्धत अशी की भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे फुटाफुटावर १२ मिलीमीटरची भोकं पाडून औषध आत सोडतात. मागच्या बाजूला आमची विहीर स्वयंपाकघरापासून पंचवीस फुटांवर आहे आणि वाडीतली चार घरं तिचं पाणी पितात. जांभ्यातून पाणी किती सहज वाहतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्या बाजूला औषध सोडू दिलं नाही. तिथे भिंतीला टेकून रचलेली लाकडं हलवली, साठलेली माती उपसली आणि जोतं उघडं केलं. पागोळ्यांचं पाणी दूर जाईल असा चिऱ्यांचा उतार केला. गेले दोन पावसाळे त्या बाजूला वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसलेल्या नाहीत.

आता कोण बघतं

घर परत बंद झालं, त्यामुळे खरा प्रश्न पुढचा होता. वाडीतल्याच एका घराशी बोलून ठरवलं. त्या घरातल्या वहिनी पावसाळ्याचे चार महिने आठवड्यातून दोनदा मागच्या परसात जाऊन पाला ओढतात. नवी काठी, नवा खराटा. त्याचे महिन्याला एक हजार रुपये. पैशांचा विषय निघाला तेव्हा त्या संकोचल्या, एवढ्याशा कामाचे कसले पैसे म्हणाल्या. आम्ही आग्रह केला. हे काम एवढंसं वाटलं म्हणूनच आमच्या वहीत ते नव्हतं, आणि आता ते वहीतलं पहिलं काम आहे.

पाला काढल्यावर त्या चार जागांचे फोटो पाठवतात: पन्हळ, भिंतीचा माथा, तुळईचं टोक, माजघराची भिंत. माळ्यावर एक काचेचं कौल बसवलं आहे, त्यामुळे बॅटरीशिवाय कोपरा दिसतो. माळा भिंतीपासून हातभर मोकळा ठेवला आहे, आणि गोणपाट वर न्यायला बंदी. फणसाच्या पन्हळीवरच्या दोन फांद्या काढल्या, झाड ठेवलं. दारं-खिडक्या पंधरा दिवसांनी दिवसभर उघडल्या जातात. आम्ही गेलो की चूल पेटते, निदान सकाळच्या पाण्यासाठी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कोणी ना कोणी जाऊन कौलं बघतो, आणि मागच्या पाख्यापासून सुरुवात करतो.

जुलै २०२४ मध्ये वहिनींच्या फोटोत भिंतीच्या माथ्यावर बोटभर काळी रेघ दिसली. अण्णांना फोन केला. वानराने एक कौल सरकवलं होतं. एक गडी, अर्धा तास, ३०० रुपये. काकांच्या वहीत, त्यांच्याच अक्षराखाली, दादाने ते लिहून ठेवलं.

गेल्या मे महिन्यात काकूंना घेऊन गेलो. त्या माजघरात आल्या, दार ओढून घेतलं आणि वर पाहत राहिल्या. नवी तुळई जुन्या पातळीवर गेली तशी गणेशपट्टीही सरळ झाली, पण दार आम्ही दोनदा तासलेलं. वर बोटभर फट राहिली होती. सुताराने तिथे जुन्या वाशातून काढलेली ऐनाची पट्टी मारली आहे. काकूंनी स्टूल मागवलं, त्यावर चढून पट्टीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "तेल लावलंय ना हिला?"

लावलं नव्हतं. त्याच संध्याकाळी लावलं.